धाकटीच्या वहीतली उलथापालथ

४ मार्च, बुधवार

धाकटी आज सहा वाजता घरी आली. वाचनालय पाचला बंद होतं. तिथून घरी चालत अकरा मिनिटं, तिचे गुडघे धरून सोळा. उरलेल्या चव्वेचाळीस मिनिटांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. मी संशयी बाई नाही. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे मजकूर जिथे गळलाय तिथे नजर थांबते, इतकंच.

वाचनालयात दर बुधवारी दहा-बारा निवृत्त माणसं जमतात आणि नवे शब्द बनवतात. आहेत ते धड वापरता येत नाहीत, त्यात ही भर. ग्रंथपाल दर महिन्याला विषय देतो. या महिन्याचा विषय आहे, एका फटक्यात सगळं उलथून टाकणारा आणि माणसाला वेगळंच करून सोडणारा बदल. त्याला मराठीत पुरेसे शब्द नाहीत म्हणे.

"उलथापालथ आहे की," मी म्हटलं.

"उलथापालथीनंतर सगळं परत जागेवर येतं गं ताई. आम्हाला जागेवर न येणारं हवंय."

त्रेसष्टाव्या वर्षी हिला जागेवर न येणारं हवंय. मी भाजी गरम केली.

७ मार्च, शनिवार

तिची वही जेवणाच्या टेबलावर उघडी होती. उघडी म्हणजे बंद होती, पण तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपिरियर म्हणायच्या की दुसऱ्याचं पत्र वाचणं हे चोरीपेक्षा वाईट, कारण चोराला निदान काही जड उचलावं लागतं. पण वही म्हणजे पत्र नव्हे.

दोन शब्द होते.

'उलथझेप: पडता पडता पुढे जाऊन पडणं, आणि मग कळणं की आपल्याला जायचं होतं तिथेच आपण पडलो आहोत, फक्त आपल्याला आधी ते माहीत नव्हतं.'

'क्षणफाट: एखाद्या क्षणाला भेग पडते आणि अलीकडचे आपण पलीकडच्या आपल्याला नीट ओळखत नाही, तरी हात करतो.'

याला व्याख्या म्हणतात? ही तर बसथांब्यावरची गप्पा झाली. बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं आणि हिला कोपऱ्यावरच्या शाळेत. दोघींचं परवडणारं नव्हतं. त्याचा परिणाम असा आयुष्यभर दिसत राहतो. पहिल्या व्याख्येच्या शेपटीला लाल पेन्सिलीने कंस केला आणि बाजूला 'पाल्हाळ' लिहिलं. हात आपोआप गेला. अक्षर बारीक आहे. चष्म्याशिवाय तिला ते दिसणार नाही, आणि चष्मा तिला कधी सापडत नाही.

पण विषय खटकतो. बाकीचे लोक भूकंप, आगी असलं काहीतरी लिहीत असणार. हिला पडून पुढे जायचंय ते कुठे?

११ मार्च, बुधवार

न्हाणीघराची कडी महिनाभर अडकत होती. आज धाकटी वाचनालयातून येताना थेट कुलूपवाल्यालाच घेऊन आली. मला न विचारता. तोही त्या शब्दवाल्यांतला निघाला.

उंच, जरा वाकलेला. बोटांच्या पेरांत काळी भुकटी भरलेली. वय पासष्ट-सहासष्ट. कडी पाच मिनिटांत बसवली. मग कोणी सांगितलं नसताना आमच्या मुख्य दाराच्या कुलपाकडे वाकून पाहिलं. ज्याचा धंदाच बंद दारं उघडायचा, तो आपल्या कुलपाकडे असा पाहायला लागला की शहाण्या बाईने पुढे उभं राहावं. मी राहिले.

"चांगलं कुलूप आहे," तो म्हणाला. "वापरून नाही बिघडलं. न वापरल्याने आखडलंय. रात्रीची खालची कडी लावता वाटतं, हे नाही."

"आम्ही काय लावतो ते तुम्हाला कशाला हवं?"

"नकोच. लावत जा, एवढंच सांगतो."

चहा झाला. धाकटीने त्याच्या कपात दोन चमचे साखर घातली. विचारलं नाही, घातली.

मी विचारलं, "तुम्हीसुद्धा शब्द बनवता का?"

"छे. मी ऐकायला जातो."

"घरी रेडिओ नाही?"

"आहे. पण तो मध्येच थांबून विचारत नाही, पटलं का म्हणून."

धाकटी हसली. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालाय, म्हणून हसताना ती हात तोंडावर नेते. आज नेला, पण उशिरा.

तो गेल्यावर मी किल्ल्या मोजल्या. चारही होत्या. पण किल्ली चोरावी लागते ती साध्या चोराला.

१४ मार्च, शनिवार

वहीत सुधारणा आहे. व्याख्या आखूड झाल्या आहेत, नेमक्या. माझी खूण तिला दिसलेली नाही, दिसली असती तर बोलली असती. चांगली सवय कधी कधी हवेतूनही लागते.

पण कागदाची नासाडी बघवत नाही. आता पानाच्या उजव्या बाजूला चार बोटं जागा कोरी सोडते. आमच्या छापखान्यात प्रुफांना असा समास ठेवायचे, दुरुस्त्यांसाठी. हिला कशाला हवा?

'दारपालट: ज्या दारातून रोज बाहेर पडायचो, त्यातून पाहुणा म्हणून आत येणं.'

वाईट नाही. समासात लिहिलं: 'वापरून दाखवा.' कोरी जागा दिसली की राहवत नाही.

१७ मार्च, मंगळवार

वापरून दाखवलंय. 'पहिल्यांदा ताईकडे गेले तेव्हा अशी दारपालट झाली की चपला कुठे काढाव्या तेच कळेना.'

शब्दसंग्रहातली उदाहरणं काल्पनिक असतात. वाचनालयात ती ज्यांना ताई म्हणते अशा किमान दोन बायका आहेत.

चपला मात्र उगाच. आमच्याकडे त्या दाराच्या डावीकडे काढतात, हे तिला माहीत आहे.

१९ मार्च, गुरुवार

मी पाठलाग केला नाही. मला टपाल कचेरीत जायचं होतं, आणि ती माझ्या पुढे चालत होती. ती टपाल कचेरीच्या पुढे गेली म्हणून मीही गेले.

कुलूपवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये घुसवलेली एक खोली. काचेवर 'जागा सोडणे आहे' असा कागद. मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी राहून खोकल्याची गोळी निवडत होते. धाकटी गल्ल्यामागे, स्टुलावर, पाय पुढे सोडून बसलेली. मांडीवर किल्ल्यांचा डबा. एकेक किल्ली उजेडाला धरून बघायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. तो पाठमोरा, कानशीने काहीतरी घासत होता. मध्येच न वळता काही बोलला आणि ती हसली. तोंड उघडून. हात किल्ल्यांत होते, वर गेलेच नाहीत.

औषधवाल्याने विचारलं, "बाई, खोकला कोरडा आहे की ओला?"

मी म्हटलं, मला खोकला नाही.

संशय आता संशय राहिलेला नाही. दुकान सोडणारा माणूस, दोघींच्या नावावर असलेलं आमचं घर, आणि त्यातली एक भोळी. दोन अधिक दोन कॉन्व्हेंटातही चारच होतात.

२२ मार्च, रविवार

नाश्त्याला तिनेच सांगितलं. पावाला लोणी लावता लावता, आज पाणी उशिरा येणार आहे असं सांगावं तसं. लग्न करणार आहे. कुलूपवाला दुकान बंद करून लेकीच्या गावी जातोय, रेल्वेने सात तास, पंधरा मेला. हीसुद्धा जाणार.

मी म्हटलं, "घराचा हिस्सा मागितला का त्याने?"

"हिस्सा मी तुझ्या नावावर करतेय. कागद तयार आहेत. त्यानेच सुचवलं, म्हणाला, तुमच्या ताई झोपणार नाहीत नाहीतर."

हे मी अपेक्षिलं नव्हतं. मोठे लबाड आधी लहान प्रामाणिकपणा करून दाखवतात, एवढंच मी म्हटलं.

"तू काहीही म्हण."

"माणसाची पारख नाही तुला. तेव्हाही नव्हती. तो शाळामास्तर आठव. एका पत्रात अकरा चुका."

"मोजल्या होत्यास."

"खोट्या होत्या का?"

"नाही गं. अकराच होत्या. तू त्या मोठ्याने वाचल्यास, आई हसली, मीपण हसले. मग पत्र परत पाठवलं." तिने सुरी पुसून ठेवली. "सदतीस वर्षं झाली त्याला. चांगला होता तो."

"चांगला होता तर मग पाठवलंस कशाला परत?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लोण्याच्या डब्याला झाकण लावलं.

मग म्हणाली, "या वेळी मी विचारत नाहीये ताई. सांगतेय. फक्त नोंदणीला साक्षीदार लागतो."

"ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्याची साक्ष देऊ?"

"त्याची नको देऊस. माझी दे."

३० मार्च, सोमवार

नोंदणी कार्यालय. भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा तेलरंग, लाकडी बाकं, पंखा एका पात्याने कण्हणारा. खिडकीत सर्दी झालेली एक कारकूनबाई. ती शिंका देत देत सगळ्यांना एकच वाक्य सांगत होती, की अर्जात आणि दाखल्यात एक आकडा जरी वेगळा निघाला तरी अर्ज बाद, मग पहिल्यापासून सुरुवात. छाननी दहा एप्रिलला. त्यात टिकला तर महिनाभर नोटीस, मग लग्न. मोजलं तर पंधरा मेच्या आधी जेमतेम चार दिवस उरतात. बाद झाला तर कुलूपवाला एकटाच जाणार.

सही करण्याआधी मी अर्ज वाचला. वाचल्याशिवाय मी पावतीवरही सही करत नाही. तो बसल्या जागी घाम पुसत होता. मळकट रुमाल, पण घडी घातलेला.

पहिल्या पानावर, धाकटीच्या जन्मतारखेत, सालाच्या जागी तिने माझं साल लिहिलंय. पाच वर्षं आधीचं. तिच्याच अक्षरात, ठसठशीत.

मी सही केली. अर्ज खिडकीतून आत दिला. कारकूनबाईने न बघता शिक्का मारला.

"सगळं नीट होतं ना गं?" धाकटीने जिन्यात विचारलं. "तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि त्याच्या हाताला धरून जिना उतरली.

२ एप्रिल, गुरुवार

मी काही केलेलं नाही. ही नोंद मुद्दाम करून ठेवते. चूक माझी नाही, अक्षर माझं नाही. निवृत्त मुद्रितशोधकाला दिसलेली प्रत्येक चूक सांगण्याचं बंधन नसतं, नाहीतर मला रस्त्यावरून चालता आलं नसतं.

शिवाय यात त्या दोघांचंच भलं आहे. माणूस खरा असेल तर थांबेल. पुढे गेला तर आधी पत्रं येतील, मग विरळ येतील, मग धाकटीला कळेल. कुणाचंही काही न बिघडता कळेल.

ती कपाट आवरतेय. माझ्या वस्तू एका बाजूला, तिच्या दुसऱ्या. तिच्या किती कमी आहेत.

४ एप्रिल, शनिवार

वही आज उशीखाली नव्हती, टेबलावर नव्हती, माझ्या खुर्चीवर होती. वेंधळेपणाची हद्द.

'हादरपहाट: सगळं हलून गेल्यावरची पहिली सकाळ. काय पडलं आणि काय उभं राहिलं, ते तेव्हा दिसतं.'

समास कोरा. पेन्सिल हातात घेऊन मी बराच वेळ बसले. 'पहिली' हा शब्द जास्त आहे का पाहिलं. नाही. 'ते' काढून पाहिलं. परत घातलं.

पेन्सिलीला टोक करायला हवं.

६ एप्रिल, सोमवार

यात अवघड काय असतं ते बघावं म्हणून मीही एक शब्द बनवायला बसले. केवळ दाखवून द्यायला. अर्थ ठरवला: ज्याच्यावर काही आदळलेलं नाही, जो आहे तिथेच आहे, आणि तरीही ज्याचं सगळं बदललं, त्याची अवस्था. नऊ शब्द बनवले, नऊही खोडले. त्यातले सात नुसतेच 'रिकामं' होते, वेगवेगळे कपडे घातलेले.

धाकटी म्हणाली, "काय लिहितेयस गं एवढं?"

"यादी. आणायच्या सामानाची."

"किती माणसांची?" तिने विचारलं. वाईट हेतूने नाही. तिला खरंच माप हवं होतं.

मी म्हटलं, अजून तरी दोघींची.

७ एप्रिल, मंगळवार

कुलूपवाला येऊन दाराच्या कुलपाला तेल घालून गेला. मी ठेवलेल्या पहाऱ्यात. जाताना म्हणाला, "किल्ली आता सहज फिरेल. धाकट्या म्हणत होत्या, तुमचा हात हल्ली दुखतो." मी तिला कधीच सांगितलेलं नाही की हात दुखतो.

त्याने आपल्या धंद्याचं कार्ड उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर लेकीकडचा पत्ता लिहून दिला. पत्ता मी दोनदा तपासला. चूक नाही. याने संशय वाढतो, कमी होत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळी टपाल कचेरीत जाते असं सांगून निघाले आणि नोंदणी कार्यालयात गेले. का गेले, ते लिहायला बसले तर पान पुरणार नाही आणि व्याख्याही जमणार नाही. एवढंच लिहिते की चुकीचा आकडा दहा दिवस डोळ्यांसमोरून हलला नाही. झोपताना तोच, उठताना तोच. आणि एकदा तर तो आकडा नव्हताच, अकरा चुका होत्या.

रांगेत पावणेदोन तास. माझ्या पुढच्या माणसाला कोणता अर्ज हवा तेच माहीत नव्हतं. तो मीच भरून दिला. शेवटी खिडकी.

"तीस तारखेला दिलेल्या अर्जात एक चूक राहिलीय," मी म्हटलं. "वधूचं जन्मसाल."

कारकूनबाईने नाक पुसलं. "तुम्ही कोण?"

"साक्षीदार."

"म्हणजे मोठ्या बहीण का?"

मी म्हटलं, हो, पण त्याचा इथे काय संबंध.

तिने गठ्ठ्यात हात घातलाच नाही. टेबलाचा खण उघडला आणि आमचा अर्ज वरच काढला. म्हणाली, "त्या बाई येऊन गेल्या त्याच दिवशी. दुपारी, एकट्या. साल चुकलंय म्हणाल्या. मी म्हटलं, आत्ताच करा की दुरुस्त, मिनिटाचं काम. तर नको म्हणाल्या. माझी बहीण येईल, तोवर छाननीला पाठवू नका."

"आणि नसते आले तर?"

"तेच मी विचारलं. म्हणाल्या, दहा तारखेला सकाळी उघडायच्या आधी मीच दारात उभी असेन, लग्न काही मोडणार नाही. पण तिला दहा दिवस द्या, तिला लागतात." तिने अर्ज माझ्याकडे फिरवला. "मला वाटलं, त्या बहिणीला बरं नसेल."

म्हणजे माझ्या गप्प बसण्याने काहीही अडणार नव्हतं. मी दहा दिवस एकटीने जे ओझं वाहिलं, ते हिने मला मोजून दिलेलं होतं. आणि म्हणे या वेळी विचारत नाही. हिला भोळी कोण म्हणालं, तर मीच, गेली साठ वर्षं.

मी साल खोडलं. बरोबर साल वर लिहिलं. कारकूनबाई म्हणाली, दुरुस्तीशेजारी सही करा आणि नातं लिहा. जागा फार थोडी होती. 'बहीण' मावलं, 'मोठी' मावलं नाही.

घरी आले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मला सापडावं म्हणून. मीठ कुठे, चहा कुठे. जणू मी या घरात पाहुणी आहे. माझ्याकडे पाहिलं. पाठ फिरवून पुढच्या डब्यावर लिहायला लागली. तिचे खांदे मात्र खाली आले. ते मी पाहिलं.

"त्या गावाला गाडी किती वाजता असते?" मी विचारलं.

"सकाळी सातला. का गं?"

"आणि परतीची?"

"परतीची कशाला? आम्ही काय लगेच..."

"तुमची नाही. माझी."

ती वळली. हातातली चिठ्ठी तिच्याच बोटाला चिकटली होती. ती काढायचा प्रयत्न करत राहिली, निघेना.

"संध्याकाळी एक आहे, ते सांगत होते," ती म्हणाली. "पण त्याच दिवशी नाही ना परत जाणार तू?"

"ते मी गेल्यावर ठरवीन. आणि दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचा आग्रह करायचा नाही."

"नाही करणार."

"करशील. मला माहीत नाही का."

उद्या स्टेशनवर जाऊन वेळापत्रक स्वतः बघून येणार आहे. कुलूपवाल्याने सांगितलेल्या वेळांवर मी विसंबून राहणार नाही.